टॉवेलाखालचा कोपरा

मार्च लागला की आमचे अप्पा कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल बांधायचे.

टॉवेल साधाच. पांढरा, लाल काठाचा, धुऊन धुऊन पातळ झालेला. दोन्ही बाजूंना दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे. मी नोकरीला नवी लागले तेव्हा मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी बघते तर अप्पा तो टॉवेल वरून बोटभर खाली घेत होते, डोळे बारीक करून बघत होते, गळ्यातलं लिंग शर्टावरून चाचपत होते आणि मग आणखी बोटभर खाली घेत होते. लग्नात अंतरपाट हळूच खाली घ्यावा तसं. फरक इतकाच की इथं नवरदेवालाच धडकी भरलेली.

"अप्पा, काय बघताय?"

"जंगल बघून राहिलो, बाई."

"मग टॉवेल कशाला?"

"एकदम बघवत न्हाई," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून पुढचं बोटभर खाली घेतलं.

आमची प्रयोगशाळा नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला, एका संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. उपग्रहानं आकाशातून काढलेले फोटो बघायचे आणि नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत जंगल कुठं दाट, कुठं विरळ, कुठं नुसतंच नावाला, याचे नकाशे करायचे, हे आमचं काम. उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो. त्याचे फोटो जोडले की एक लांबलचक पट्टा तयार होतो. पट्ट्याच्या वरच्या टोकाला किनवट-माहूरचा साग, मधे नांदेड आणि गोदावरी, मग लोहा, कंधार, आणि पार खाली, डाव्या कोपऱ्यात, उदगीर. त्या खालच्या कोपऱ्यात जंगल असं फारसं नाहीच. तरी अप्पांचा टॉवेल तिथवर आला की थांबायचा. माझ्यासमोर तो कधी त्याच्याखाली गेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं काय हाय बघण्यासारखं? ऊस हाय." मी सोडून दिलं.

अप्पांचं नाव शिवलिंगप्पा. आडनाव हजेरीपटाखेरीज कुणी वापरत नसे. उदगीरकडचे लिंगायत. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'शरणार्थ'. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं, पहिलं बंद पडलं तर काय, या भीतीनं. दोन्ही पेनांचा त्यांना सारखाच संशय.

आता सांगूनच टाकते. अप्पांइतका भित्रा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

लिफ्टमधे ते पाय ठेवत नसत. "दोर कुणी बघितलाय का?" असं विचारायचे. कुणीच बघितलेला नसायचा. मग तीन मजले जिन्यानं. पण जिन्यात आमच्या संस्थेचं एक लठ्ठ, म्हातारं कुत्रं झोपलेलं असायचं. ते आडवं असलं की अप्पा खालीच उभे. खालून मला फोन यायचा, "बाई, साहेबाला सांग, अप्पा हजर हाय पण वर न्हाई." कीबोर्डावरच्या डिलीटच्या बटणावर त्यांनी काडेपेटीचा तुकडा चिकटवून ठेवला होता. सगळ्या नोकरीत त्यांनी एक फाईल पुसली नव्हती. मशीन भरून बंद पडलं की साहेब ओरडायचे आणि अप्पा मान खाली घालून ऐकायचे, पण काडेपेटी काही निघायची नाही. वीज जाऊन कॉम्प्युटरची बॅटरी 'टूं' करून ओरडली की ते खुर्चीतून उठून भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

गंमत अशी की हा भित्रेपणा त्यांनी स्वतःपुरता ठेवला नव्हता. ते सगळ्यांच्या वाटचं भ्यायचे. एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याची लातूरहून येणारी बस दोन तास झाले तरी आली नव्हती, फोन लागत नव्हता, आणि मी रडकुंडीला आले होते. अप्पा आपली पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तू घाबरू नको, बाई. मी हाय की घाबरायला." आणि खरोखर त्यांनी इतकं मनापासून सुरू केलं, पाणी काय पितात, घाम काय पुसतात, अहमदपूरच्या पुढचं वळण काय आठवतात, की त्यांना धीर देता देता माझी भीती कुठं गेली मला कळलंच नाही. नवरा आला तेव्हा अप्पांनी त्याला आधी चाचपून बघितलं. बस नुसती पंक्चर झाली होती.

"मी हाय की घाबरायला" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शिपाई, साहेब, परीक्षेला आलेल्या मुली, सगळ्यांना. दुसरं वाक्य मात्र फक्त कामाचं होतं. "हात लावून बघितलं का?" ते मला फार महागात पडून कळलं.

झालं असं की पहिल्याच महिन्यात मी एक पराक्रम केला. किनवटच्या जंगलाचे दोन फोटो घेतले, एक ऑक्टोबरचा आणि एक एप्रिलचा, आणि मशीनला सांगितलं, फरक काढ. मशीननं काढला. निम्मं जंगल गायब! पडद्यावर तांबडे डागच डाग. साहेबांना दाखवलं, तर ते खुर्चीतून उठूनच आले. एवढी तोड झाली आणि कुणाला पत्ता नाही? वरच्या कार्यालयाला पाठवायचं पत्र अर्ध्या तासात तयार झालं. त्यात ज्या ज्या भागात जंगल 'नष्ट' झालं होतं, तिथल्या तिथल्या वनरक्षकांची नावं होती. पाच माणसं.

मी छापायचा हुकूम दिला आणि बघते तर प्रिंटरसमोर अप्पा उभे. धोतर नेसले असते तर सोगा हललेला दिसला असता, इतके पाय थरथरत होते. साहेबांच्या आवाजानं ज्यांच्या हातातला चहा सांडायचा, ते अप्पा साहेबांच्या वाटेत उभे होते.

"साहेब, तारीख बघा. एक फोटू लग्नातला हाय, एक टायफॉईडमधला. अन् तुम्ही म्हनून राहिले, मानूस बदललं."

"म्हणजे काय, अप्पा?"

"साग हाय तो. एप्रिलमधी सागाला पान ऱ्हात न्हाई. वरून बघितलं तर निस्ती माती दिसती. झाड हाय, साहेब, पान न्हाई." मग माझ्याकडे वळले. "बाई, हात लावून बघितलं का?"

मी कशाला हात लावते? किनवट इथून कुठल्या कुठं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या जीपमधून आम्ही दोघं किनवटला गेलो. मी लातूर शहरात वाढलेली, जंगल म्हणजे हिरवं असतं एवढंच मला माहीत. समोर तसलं काहीच नव्हतं. मैलभर नुसत्या उभ्या काड्या. सावली नाही. पाखरू नाही. जमिनीवर सागाची पानं, परातीएवढी, पापडासारखी वाळलेली. पाऊल टाकलं की असा आवाज होई की मागून कुणीतरी येतंय. आणि खरंच मागून काहीतरी धावलं. मी किंचाळून अप्पांचा दंड धरला. अप्पांनी आधीच माझा धरलेला होता. सरडा होता.

अप्पांनी एक खालची फांदी वाकवली आणि अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली. वरून करडी, मेलेली फांदी. खाली ओली, हिरवी, काकडीच्या सालीसारखी.

"बघ. जित्तं हाय."

मग त्यांनी मला आणखी वीस झाडं खरवडायला लावली. माझं नख काळं पडलं. येताना रस्त्याकडेला एक टेकडी हिरवीगार होती, तिच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "इथं तरी बरं आहे." अप्पांनी मान हलवली. "ती घाणेरी हाय. झाडं गेली तिथं माजली. उन्हाळ्यात वरून हिरवं दिसलं की जास्त भ्यायचं." गाडी नांदेडात शिरली. मग अप्पा एकदम म्हणाले, "पाच घरांत चूल बंद केली असती तू, बाई." त्यांनी रागावून म्हटलं नाही. ते त्या पाचांच्या वाटचं भ्याले होते, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मी त्यांची चेली झाले. अप्पांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं आखलेला तक्ता होता. साग कधी गळतो, पळसाला फुलं कधी, मोह कधी फुटतो, बेल कधी उघडा पडतो. कुठलाही फोटो आला की आधी तक्ता बघायचा, मग फोटो. पावसाळ्यात चार महिने ढगांमुळे वरून काहीच दिसत नसे, तेव्हा अप्पा सगळ्यात निवांत. भजी मागवायचे. "दिसतच न्हाई तर भ्यायचं कशाला?" म्हणायचे. मार्च आला की टॉवेल पुन्हा चढायचा. एप्रिलच्या शेवटाकडे एक दिवस तो आपोआप उतरायचा, आणि त्या दिवशी अप्पा सगळ्यांना पेढे द्यायचे. कशाचे, ते कुणी विचारायचं नाही. बढती तर नक्कीच नसायची.

मला एक कोडं मात्र सुटत नव्हतं. पान गळणं म्हणजे झाड मरणं नव्हे, हे साऱ्या जिल्ह्याला सांगत फिरणारा हा माणूस पान गळायच्या दिवसांतच इतका का भितो?

अप्पांच्या नोकरीचा शेवटचा मार्च. मेअखेर ते निवृत्त होणार होते. एका सकाळी मी लिफ्टमधे शिरले, दार लागता लागता एक माणूस आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. अप्पा होते.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते समोर दाराकडे बघत होते. दोराबद्दल एक अक्षर नाही. दुपारी बॅटरी ओरडली, ते हलले नाहीत. संध्याकाळी जाताना जिन्यातलं कुत्रं त्यांनी ओलांडलं, त्याच्या शेपटीवरून पाय टाकून. कुत्रंच दचकलं.

मला फार भीती वाटली. माणूस धीट झाला तर आनंद व्हायला हवा, पण अप्पा धीट झाले म्हणजे काहीतरी आक्रित घडलंय, इतकं मला त्यांच्याबरोबरच्या चार वर्षांत कळलेलं होतं. एवढं मोठं कसलं भय यांना लागलंय की लहानसहान भ्यायला सवडच उरली नाही? पडद्यावर टॉवेलही नव्हता. पडदा बंद होता. तो तसा तीन आठवडे बंद राहिला. एप्रिल अर्धा झाला आणि मग मला राहवेना.

"अप्पा, काय झालंय? तब्येत आहे ना ठीक?"

"हाव."

"मग पट्टा का बघत नाही?"

त्यांनी टेबलाच्या खणातून टॉवेल काढला. पडदा चालू केला, फोटो उघडला, चिमटे लावले. किनवट, नांदेड, कंधार. टॉवेल नेहमीच्या जागी थांबला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो तसाच खाली ओढला.

"मोठं करून बघ. नाला वळतो तिथं."

मी मोठं केलं. उसाची शेतं, काही तोडलेली, काही उभी. मधे एक काळा डाग. आमच्या फोटोत सगळ्यात लहान दिसणारी गोष्ट म्हणजे एक ठिपका, आणि तो एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन. त्याहून लहान काही वेगळं दिसत नाही. काळ्या डागाच्या मधोमध, नाल्याच्या वळणाशी, असे चार-पाच ठिपके होते. तेही काळे.

"काय आहे तिथं?"

"बेल हाय." मग म्हणाले, "आमच्यात जाळत न्हाईत, बाई. माती देतेत. आपल्याच शेतात. तिथं नीलम्मा हाय."

अप्पांच्या तोंडून त्यांच्या बायकोचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती वारली आहे, मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत होतं. मग भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ती गेली. समाधीवर त्यांनी बेलाचं रोप लावलं. गावात भाऊ राहतो, शेत तो करतो, अप्पा नोकरीपायी नांदेडला एकटे. पुढं या नव्या उपग्रहाचे फोटो यायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी दुसरं काही न बघता ती जागा शोधली. जागा सापडली, पण झाड दिसेना. एकट्या झाडाचा पसारा तो केवढा? सगळा ठिपका मातीचाच.

"तवा मी सुट्टी काढून गेलो. भवताली आठ बेल लावले. जरा पसरून. ठिपका पुरा भरला पाहिजे ना. भाऊ म्हनला, दादा, बाग करून राहिला का? त्याला काय सांगू? वरून दिसंना म्हनून?"

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. आठ झाडं वाढायची वाट बघत या माणसानं वर्षं काढली. मग एका वर्षी तो ठिपका हिरवा झाला. त्यानंतर दर पाच दिवसांनी, सगळे जेवायला गेले की, अप्पा तो कोपरा मोठा करून आपल्या बायकोला भेटून यायचे. मार्चमधे बेल गळायचा, ठिपका तपकिरी व्हायचा, आणि तक्ता स्वतः आखलेला असूनही अप्पांचा जीव टांगणीला लागायचा. एप्रिलमधे पालवी फुटली की टॉवेल उतरायचा आणि आम्हाला पेढे.

"पण अप्पा, मार्च-एप्रिलमधे पानं नसणारच की."

"बाई, चार वर्सं काय शिकली? तपकिरी म्हंजे पान न्हाई. काळं म्हंजे जाळ." शेजाऱ्यानं ऊस तोडून झाल्यावर पाचट पेटवलं असणार, वारं फिरलं असणार, असा त्यांचा अंदाज होता.

"भावाला फोन केला का?"

"न्हाई."

"का?"

"त्यानं खरं सांगितलं असतं."

रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच बसमधे बसवलं. मुखेडमार्गे उदगीरची गाडी. अप्पा खिडकीशी, मांडीवर टॉवेल. एरवी प्रत्येक वळणाला समोरचा दांडा धरणारा माणूस हात सैल सोडून बसला होता, आणि दांडा मी धरला होता. उदगीरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. तिथून चालत अर्धा तास. ऊन असं की बोलवत नव्हतं. उसाच्या धसकटांतून चालताना काळी राख सपातांवर उडायला लागली आणि अप्पा थांबले.

समोर नऊ झाडं होती. नऊही उघडी, बुंधे गुडघ्यापर्यंत काळे.

अप्पा बांधावर बसले. झाडांकडे पाठ केली आणि टॉवेल डोक्यावरून घेऊन तोंड झाकून टाकलं.

"तू बघ, बाई. मला सांग."

मी दोन पावलं गेले असेन, तर टॉवेलाच्या आतून आवाज आला. "ती गेली तवा भ्यालो न्हाई मी. बघायला जागा होती. हे झाड गेलं तर दर पाच दिसाला कुठं बघू?"

मी पुढं गेले. पहिल्या झाडाची फांदी वाकवली. काटा बोटात घुसला. नखानं खरवडलं. हिरवी. दुसरं हिरवं. तिसरं, चौथं. मला जरा धीर आला. पाचवं वाळलेलं. उरलेली तीन हिरवी. मग मी मधल्या झाडापाशी गेले. त्याच्याखाली घडीव दगडाचा लहानसा चौथरा होता, त्यावर राख साचलेली. फांदी धरली तर टक्कन् मोडली. आत लाकूड, कोरडं. खोडावर खरवडलं, तपकिरी. खाली, आणखी खाली. काळी साल भुगा होऊन हातात आली. कुठंच हिरवं नव्हतं.

मला किनवटला वाटली त्याच्या दसपट भीती वाटली. बांधावर टॉवेल घेतलेला तो माणूस माझ्या आवाजाची वाट बघत होता. मनात आलं, खोटं सांगावं. सात झाडं जिवंत आहेत. पंधरा दिवसांत त्यांना पालवी येईल, ठिपका हिरवा होईल, आणि मधलं एक झाड गेलेलं वरून कुणाला दिसणार आहे? उपग्रहाला नाही, अप्पांनाही नाही. त्यांना उठवून तसंच मागं न्यावं. पण हाताला राख लागलेली होती. हात लावून बघितलेलं खोटं सांगायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी चौथऱ्याच्या कडेला खालीच बसले. टेकायला हात मागं नेला, तर बोटांना काहीतरी मऊ लागलं.

चौथऱ्याच्या आणि मातीच्या फटीतून, राखेतून, दोन बोटं उंचीचा एक फुटवा वर आला होता. तांबूस. इतका लहान की उभ्यानं दिसला नसता.

"अप्पा, या इकडं."

"गेलं?"

"तुम्ही या."

ते उठले, पण टॉवेल काही काढला नाही. मी हाताला धरून त्यांना ढेकळांतून आणलं, खाली बसवलं. त्यांचा हात गार पडला होता, त्या उन्हात. त्यांचं एक बोट धरून मी फुटव्यावर ठेवलं. अप्पांनी न बघता ते चाचपलं. आधी देठ, मग एक पान, शेजारी दुसरं, मधलं तिसरं. पुन्हा पहिल्यापासून. दर सोमवारी पूजेला बेल निवडणारं बोट ते.

"तीन हायत," ते म्हणाले. "तीन हायत, बाई."

मग टॉवेलाच्या आत ते रडले. मी शेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं तोंड पुसून ते मास्तरासारखे म्हणाले, "बेल मुळातून फुटत असतो. मी साऱ्यांना सांगतो." आणि माझ्याकडे बघून ओशाळवाणे हसले.

बाभळीच्या चार काड्या मोडून आम्ही भोवती रोवल्या आणि त्यांवर तो टॉवेल बांधला, सावलीला. चिमटे अप्पांच्या खिशातच होते.

मे महिन्याच्या शेवटी अप्पा निवृत्त झाले आणि गावी भावाकडे राहायला गेले. रोज घागरभर पाणी घालतात. कडेच्या सात झाडांना भरपूर पानं आली. पण माझा अंदाज चुकला, त्यांच्या मधला, समाधीवरचा ठिपका तपकिरीच आहे. फुटवा आता कमरेइतका झालाय असं अप्पा म्हणतात, पण वरून दिसायला त्याला बरीच वर्षं लागतील. अप्पांची खुर्ची आता माझ्याकडे आहे, भिंतीवरचा तक्ता आहे, काडेपेटीचा तुकडाही मी काढलेला नाही. यंदा मार्च लागला, पट्टा आला, आणि तो उघडताना माझ्या लक्षात आलं की मी ओढणीचं टोक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर धरून बसले आहे. सातही झाडं गळलेली असणार. सगळंच तपकिरी असणार. तक्ता मला पाठ आहे. तरी ओढणी काढायचा धीर होईना.

तेवढ्यात फोन वाजला.

"शरणार्थ, बाई. आज पट्टा आला असंल. समदं तपकिरी दिसंल. तू घाबरू नको," अप्पा म्हणाले. "मी हात लावून हाय."